यात तुमचं काय जाणार?

गावात बाहेरून प्रकल्प येतो तेव्हा पहिल्या बैठकीत माणसं फारशी बोलत नाहीत. पाहुणे बोलतात, सरपंच बोलतात, चहा होतो. खरे प्रश्न चहानंतर, चपला घालताना येतात. संगमनेरच्या पठारभागातल्या एका वाडीत एका मेंढपाळ बाबांनी मला असंच बाजूला घेऊन विचारलं, "ताई, चर आमच्या रानात पडणार, मेंढरं आमची अडणार. यात तुमचं काय जाणार?"

मी पाणलोटाच्या कामात सामाजिक संघटक आहे. गाव, संस्था, बँक, सरकारी खातं आणि अलीकडे खासगी कंपनी, या सगळ्यांना एका कामात आणून बसवायचं, हाच माझा रोजचा उद्योग. बाबांचा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक नव्या करारापुढे ठेवत आले आहे. ज्याचं काहीच जाणार नाही, तो त्या कामात पाहुणा असतो. फोटोत तो पुढे असतो आणि पहिली अडचण आली की दिसेनासा होतो.

आमच्याकडे ही समज फार जुनी नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले आणि तिथून पाणी पंचायतीचं काम उभं राहिलं. तिच्या उपसा योजनांच्या खर्चाची वाटणी मी आजही नव्या कार्यकर्त्यांना समजावून सांगते. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून आणि उरलेले तीस टक्के साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. म्हणजे तिघांचेही पैसे अडकलेले. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जायचा नाही. पैसे कोण घालणार हे ठरवतानाच पाणी कोणाला मिळणार हेही ठरलं, म्हणून पुढच्या भांडणांना बसायला एक चौकट मिळाली.

दुसरं मोठं काम अहिल्यानगर जिल्ह्यातलं, तेव्हाच्या अहमदनगरमधलं. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू या भागात अनेक दशकं राहिले. त्यांच्या पुढाकारातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. 1993 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे आपण सगळे जिला ‘वॉटर’ म्हणतो ती संस्था, स्थापन झाली. पैसा जर्मनीचा, केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत आलेला. मोठ्या टप्प्याची जबाबदारी नाबार्डकडे. गावात उभी राहणारी एखादी स्थानिक संस्था. आणि गावाची पाणलोट समिती, जिच्या हातात प्रत्यक्ष काम आणि प्रत्यक्ष खर्च.

या कार्यक्रमाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचे दोन टप्पे. आधी क्षमताबांधणीचा. पाणलोटाचा एक लहान तुकडा घ्यायचा, गावानं श्रमदान करून दाखवायचं, समिती नेमायची, हिशेब ठेवायला शिकायचं. ते नीट झालं तरच पूर्ण पाणलोटाचा मोठा टप्पा. अकुशल मजुरीच्या किमान 16 टक्के इतकं श्रमदान गावाचं, त्यातून भूमिहीन आणि एकट्या बाईचं घर वगळलेलं. शिवाय चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. म्हणजे लग्नाआधी दोन्ही घरांनी एकमेकांकडे जाऊन-येऊन पाहावं तशी सोय होती. गावाला संस्था कशी आहे ते कळायचं, संस्थेला गाव कळायचं, आणि दोघांपैकी कोणालाही इथेच थांबता यायचं. काही गावं थांबली. माझ्या मते ते या पद्धतीचं यश होतं. नकार देण्याची सोय नसेल तर होकाराला किंमत कुठून येणार? हीच घडी पुढे देशभर गेली. केंद्र सरकार आणि नाबार्डनं मिळून 1999-2000 मध्ये 200 कोटींचा पाणलोट विकास निधी उभा केला, त्यामागे हाच अनुभव होता.

माझा सगळ्यात जास्त वेळ जायचा तो नेट प्लॅनिंगमध्ये. हा शब्द आमच्या गावांमध्ये आता बायकासुद्धा सहज वापरतात. याचा अर्थ एवढाच, की पाणलोटातल्या प्रत्येक गट नंबरवर, त्या रानाच्या मालक-मालकिणीला सोबत घेऊन चालत जायचं आणि तिथे काय करायचं ते तिथेच उभं राहून ठरवायचं. टेप, पाण्याची नळी, गावनकाशाची प्रत आणि वही. उतार किती, माती किती खोल, खडक कुठे वर आलाय. चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती की झाडं. खर्च किती, त्यात तुमचं श्रमदान किती. मग नवरा-बायको दोघांची सही किंवा अंगठा.

एका रानातला प्रसंग सांगते. आमचा इंजिनिअर मुलगा हुशार होता, त्यानं बांधाची रेघ नळीनं अचूक काढली. मालक म्हणाले, चालतंय, टाका. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी तिथनं येतच न्हाई. वरच्या दाजींच्या रानातनं त्या निवडुंगापाशी उतरतं, अन् तिथनं आडवं फुटतं. खुरपायला बसल्यावर पायाखालची माती कुठं गेली ते दिसतंय ना." आम्ही निवडुंगापाशी गेलो. हातभर खोल घळ पडली होती, गवतानं झाकलेली. नकाशात ती नव्हती. बांध सरकला, सांडवा त्या बाजूला गेला, आणि वरच्या रानाच्या दाजींना बोलावून त्यांच्या बांधाचं तोंडही फिरवावं लागलं. दोन भावकीत जुनं वैर होतं, त्यात अर्धा दिवस गेला. पण तो बांध पुढच्या पावसाळ्यात टिकला. त्या बाईंनी या कामात जे घातलं ते अंदाजपत्रकाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून जोडप्याला सोबत घेण्याचा नियम मी कधीच सोडला नाही. उशीर होतो, वरून फोन येतात, तरी सोडला नाही.

आता त्या मेंढपाळ बाबांकडे येते. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. माथ्यावर चर खणले, गवत आणि झाडं लावली, की दोन-तीन वर्षं तिथे जनावर सोडता येत नाही. पाणी साठणार पायथ्याला, ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या. माथ्यावरचं चरणं बंद होणार ते मेंढपाळाचं आणि भूमिहीनाच्या दोन शेळ्यांचं. सरपणाला जाणाऱ्या बाईची पायपीट वाढणार. ग्रामसभेत ठराव एकमतानं होतो, कारण ज्यांचं जाणार ते मागच्या रांगेत बसलेले असतात किंवा त्या दिवशी रानात असतात.

आम्ही त्या वाडीत ठराव पुढे ढकलला. संध्याकाळी मेंढरं परत आल्यावर धनगरवाड्यावर बैठका घेतल्या. त्यातून निघालेली तोड अशी होती: डोंगर एकदम बंद करायचा नाही, तुकड्यातुकड्यानं करायचा. एक भाग बंद, बाकी उघडे, गवत धरलं की पुढचा भाग. बंद भागातलं गवत कापून न्यायला मोकळीक, आणि पहिला हक्क भूमिहीन घरांचा. मजुरीच्या कामावर पहिली नावं त्याच घरांची. सरपणासाठी बांधावर लावायची झाडं बायकांनी निवडली. हे सगळं कागदावर उतरवलं आणि मग ठराव झाला. सगळे सुखी झाले असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी मेंढरं कमी केली आणि त्यांचा राग आजही आहे. त्यांना भेटायला जाते तेव्हा ते चहा देतात आणि ऐकवतातही. तो राग रास्त आहे. प्रकल्पाच्या अहवालात सिंचनाखालचे एकर वाढल्याचं लिहिलं जातं, कमी झालेल्या मेंढरांची नोंद कुठेच होत नाही. ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माथ्याची आणखी एक अडचण म्हणजे तो बहुतेक ठिकाणी वन खात्याचा. महाराष्ट्रानं 1992 मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासन निर्णय काढला, त्यामुळे गावाला वनजमिनीवर कामात सहभागी होण्याची वाट मिळाली. पण खातं म्हणजे शेवटी समोर बसलेला अधिकारी. चांगला वनक्षेत्रपाल मिळाला की काम पळतं, त्याची बदली झाली की नवा माणूस विचारतो, हे चर कोणाला विचारून खणले? म्हणून माझा आग्रह असतो: तोंडी होकार कितीही प्रेमाचा असला तरी त्याच आठवड्यात त्याचं पत्र करून जावक क्रमांक घ्यायचा आणि प्रत ग्रामपंचायतीच्या फाइलला लावायची. संबंध माणसाशी जोडावेत, करार मात्र खुर्चीशी करावा.

पैशाचं सांगायचं तर, समितीचं बँक खातं दोन सह्यांचं असे. एक समितीची, एक संस्थेची. समितीला एकटीला पैसे काढता यायचे नाहीत आणि आम्हालाही नाहीत. झालेल्या कामाचं मोजमाप, मजुरांची नावं आणि रक्कम देवळाच्या भिंतीवर लिहायची. पहिल्या वर्षी या भिंतीवरून खूप भांडणं होतात, आणि ती होऊ द्यावीत. ज्या गावात भिंत गप्प असते तिथे मला जास्त काळजी वाटते.

एका गावात हप्ता अडकला. वरच्या कार्यालयातून कागद फिरत राहिला आणि ऐन मार्चमध्ये मजुरी तीन आठवडे थकली. लोक कामावरून उठतील असं वाटलं होतं, पण उठले नाहीत, कारण गावातल्या किराणा दुकानदारानं सगळ्यांना उधारी दिली. समितीच्या अध्यक्षांनी त्याला मस्टर दाखवलं, त्यानं ते पाहून नावापुढे तेल, साखर, बाजरी लिहिली. कुठल्याही करारावर त्या दुकानदाराचं नाव नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत त्या कामात ज्याचं सर्वांत जास्त जाऊ शकत होतं तो तोच होता. तेव्हापासून नव्या गावात गेले की मी दुकानदार, पिठाची गिरणी चालवणारा, दूध संकलन करणारा यांना आधी भेटते. गावाचं अर्थकारण सरपंचांना ठाऊक असतं त्यापेक्षा जास्त यांच्या वहीत असतं.

शहरातल्या कंपन्यांबद्दल आता लिहायला हवं, कारण पुष्कळ गावांकडे पैसा त्यांच्याकडून येतो. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, एप्रिल 2014 पासून ते लागू झालं. हा पैसा खरा आहे आणि त्यातून चांगली कामं झाली आहेत. अडचण येते ती पंचांगाची. कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं, गावाचं कामाचं वर्ष मृगावर. मंजुरी डिसेंबरात येते, पैसे फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर खर्च झाल्याचा दाखला हवा असतो. गहू-हरभरा काढणीला आलेला असताना मजूर कुठून आणणार? मग यंत्र लावलं जातं. यंत्रानं ओढा खोल होतो, पण गावाचा हात त्याला लागत नाही, मजुरी गावात राहत नाही, आणि पुढच्या वर्षी गाळ कोणी काढायचा हा प्रश्न तसाच राहतो. मी कंपनीच्या माणसांना स्पष्ट सांगते की पहिलं वर्ष माणसांवर खर्च करा: बैठका, नेट प्लॅनिंग, समितीचं प्रशिक्षण. दाखवायला त्यात फोटो कमी मिळतात. ज्यांनी ते ऐकलं त्यांची कामं आजही उभी आहेत.

पाणी आलं म्हणजे उत्पन्न आलं असं नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. विहिरींना पाणी दिसू लागलं की ज्याच्याकडे पैसा तो बोअर घेतो, आणि दहा घरांनी अडवलेलं पाणी एका घराच्या डाळिंबाला जातं. हिवरे बाजार या गावानं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली याला उत्तर शोधलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. पाऊस किती पडला, त्यातून पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कुठलं पीक बसतं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. हे दुसऱ्या गावात तसंच्या तसं उतरत नाही, कारण त्यामागे वर्षानुवर्षांचा धाक आणि विश्वास दोन्ही आहेत. पण ताळेबंद मांडणं कुठल्याही गावाला जमतं. त्यासाठी पर्जन्यमापक, विहिरींची पातळी मोजणारी दोन मुलं आणि आकडे ऐकून घ्यायला तयार असलेली ग्रामसभा एवढं पुरतं.

पुढचा टप्पा बाजाराचा. 2002 च्या कंपनी कायदा दुरुस्तीनं शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. किमान दहा उत्पादक, मतदान सर्वसाधारणपणे एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात केली, मग टोमॅटोसह इतर पिकांवर प्रक्रिया आली. 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथे सुमारे 310 कोटी रुपये घातले, पण मूळ शेतकरी कंपनीत नाही, तर तिच्या उपकंपनीत. उत्पादक कंपनीचा सभासद उत्पादकच असावा लागतो, त्यामुळे बाहेरचा पैसा आला तरी मूळ घर शेतकऱ्यांचंच राहिलं. भागीदार कोणत्या खोलीपर्यंत येऊ शकतो हे आधी ठरलेलं असलं की मोठ्या पैशाची भीती वाटत नाही.

आमच्या भागातल्या शेतकरी कंपन्या तिच्यापुढे अगदीच लहान आहेत. त्यांचे संचालक मला विचारतात, खरेदीदार कंपनीबरोबर करार करताना काय बघायचं? भाव तर सगळेच बघतात. मी सांगते, वजनकाटा कोणाचा आणि कुठे, ते आधी बघा. माल गावात मोजला गेला तर वाटेतली घट खरेदीदाराची. कारखान्याच्या दारात मोजला तर ती घट तुमची. दुसरं, प्रतवारी कोण ठरवणार आणि नापास माल कुठे नापास होणार. टोमॅटोची गाडी शंभर किलोमीटरवर जाऊन परत पाठवली तर भाड्यासह सगळं शेतकऱ्याच्या अंगावर येतं. तीच तपासणी संकलन केंद्रावर झाली तर नापास क्रेट निदान स्थानिक बाजारात तरी विकता येतात. तिसरं, पैसे किती दिवसांत. करारात भाव दीड पानात आणि या तीन गोष्टी एका ओळीत असतील तर तो करार घरी नेऊन रात्रभर वाचावा.

जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यात चालणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातून अशा कंपन्यांना गोदाम, प्रतवारी यंत्र यांसाठी अनुदान मिळतं, पण उरलेला हिस्सा कंपनीनं स्वतःच्या भांडवलातून किंवा बँकेच्या कर्जातून उभा करायचा असतो. पुष्कळांना तो हिस्सा अडथळा वाटतो. मला तो बरा वाटतो, एका अटीवर: तो सभासदांकडून थोडा थोडा यायला हवा. एकाच पैसेवाल्या संचालकानं सगळा भरला की यंत्र त्याच्या शेडमध्ये बसतं आणि किल्ली त्याच्या खिशात जाते.

सध्या आमच्या ओळखीच्या एका महिला शेतकरी कंपनीत अशीच बोलणी चालू आहेत. पुण्याची एक खरेदीदार कंपनी कांदा घ्यायला तयार आहे. भाव बरा आहे. गावातच वजन करायचं त्यांनी मान्य केलं, पैसे पंधरा दिवसांत द्यायचंही मान्य केलं. प्रतवारीच्या वेळी शेतकरी कंपनीची एक बाई हजर राहील आणि तिची सही नसेल तर माल नापास धरायचा नाही, हे कलम मात्र त्यांना नको आहे. संचालक बायकांनी मागच्या बैठकीत मसुदा परत पाठवला आणि सोबत कांद्याचं एक पोतं दिलं, त्यांच्या माणसानं ते निवडून दाखवावं म्हणून. चाळीत कांदा आणखी दोन महिने टिकेल, असा त्यांचा हिशेब आहे.